नकली खिल्लार

स्टँपपेपर शंभराचा होता. त्यावर तालुक्याच्या गावाहून टाईप करून आणलेला मजकूर असा, की सदर खोंड शुद्ध खिल्लार जातीचा असून त्यात अन्य कोणत्याही जातीची भेसळ नाही, याची हमी लिहून देणार देत आहे. खाली सहीला दोन रेघा. एक धाकट्या भावासाठी, दुसरी माझ्यासाठी. दावण भावाची, राबणारा तो, शेण काढणारा तो. पण गोठ्याची जागा अजून दोघांच्या नावावर, म्हणून माझी सही.

ही २०२२ ची चैत्रातली गोष्ट. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेचे दिवस. आदल्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली होती. २०१४ पासून बंद पडलेल्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि सात वर्षं ज्या खोंडांकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं त्यांच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. आमच्या दारातही एक उभी राहिली. गिऱ्हाईक कर्नाटकाच्या अंगाकडचं, बोलायला गोड, पारखी. त्याला खोंड शर्यतीसाठी नको होता, वळू म्हणून पाहिजे होता. सव्वातीन लाख म्हणाला. भावानं खाटेवरची घोंगडी झटकली आणि चहा सांगितला.

मी कागद वाचला आणि माझा हात थांबला.

कारण मला १९७२ सालची एक पहाट माहीत होती. ती माहीत असलेली तीन माणसं होती. त्यातली दोन गेली.

पण त्या पहाटेआधी खिल्लार म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आम्ही माणदेशी माणसं हा शब्द जन्मापासून वापरतो आणि त्याचा अर्थ कधी विचारत नाही. खिल्लार म्हणजे मुळात जात नव्हेच. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. कळप राखणारा तो खिल्लारी. खानदेशात, तापीच्या खोऱ्यात याच गुरांना थिल्लारी म्हणतात आणि ती राखणाऱ्या धनगरांना ठेलारी. म्हणजे आधी कळप होता, कळपामागं काठी घेतलेला माणूस होता, पाऊस हुकला की दोघं मिळून वाट धरत होते. त्या चालण्यातून जे जनावर टिकलं त्याला पुढं कळपाचंच नाव पडलं. लांब पायाचं, आवळ अंगाचं, बारीक काळ्या खुरांचं, कपाळावर मधोमध नाळ असलेलं, शिंगं मागं जाऊन धनुष्यासारखी वर आलेलं. आखूड कान. लोंबती पोळी नाही, कातडी अंगाबरोबर. वासरू जन्मतं तेव्हा डोक्यावर तांबूस गंज चढल्यासारखा रंग असतो, तो दोनएक महिन्यांत उडून जातो. आमच्यात नवं वासरू बघायला आलेली बाई आधी तो तांबडा टाळूच बघते.

आणि आला कुठून हा कळप? जाणकार सांगतात म्हैसुराकडून. तिकडच्या हल्लीकर गुरांशी याचं नातं आहे, आणि तिथल्याच अमृतमहालाशी. म्हैसूरच्या वडियार राजांनी गाईंचं एक सरकारी खातं ठेवलं होतं, बेण्णे चावडी. बेण्णे म्हणजे लोणी. राजवाड्याला दूध-लोणी पुरवायचं आणि खोंड फौजेला. टिपूनं त्याच खात्याचं नाव अमृतमहाल केलं. हैदर-टिपूच्या तोफा आणि सामान याच बैलांनी इतकं झपाझप हलवलं, की १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी हे कळप हौसेनं ताब्यात घेतले. १८०३ साली मराठ्यांशी लढायला वेलस्ली दख्खनेत आला तेव्हा म्हैसूरचे बैल त्याच्या फौजेबरोबर होते. तर हा अमृतमहालसुद्धा एक वाण नव्हता. हल्लीकर, हागलवाडी आणि चित्रदुर्ग असे तीन तऱ्हांचे कळप एकत्र येऊन तो झाला. ज्याच्याकडून आपण आपलं अस्सलपण आणलं असं म्हणायचं, तोच तीन ठिकाणचा.

शुद्ध जनावर ही कल्पना कागदावर आली ती विलायतेत. १७९१ साली वेदरबी नावाच्या माणसानं शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ छापली. आज पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावणारा प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाच्या बाजूनं मागं मागं नेला तर तीन घोड्यांपाशी जाऊन थांबतो, आणि ते तिन्ही घोडे इंग्लंडचे नव्हते. पूर्वेकडून आणलेले. तिथल्या घोड्यांच्या पोटी त्यांची वीण झाली, ती संकरच. मग एक वही उघडली. त्या वहीत ज्याचे आईबाप आहेत तो शुद्ध, नाहीत तो नव्हे. वही उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत जे काही मिसळलं ते माफ. गुरांची अशी पहिली वही १८२२ ची, शॉर्टहॉर्न गाईंची, कोट्स नावाच्या माणसानं केलेली. मला हे वाचून हसू आलं. आमच्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच की. सातबारा निघाला त्या दिवशी ज्याचा नांगर चालू होता तो मालक. त्याच्या आधी कोण कसत होतं ते कोण विचारतो?

आमच्याकडं वही नव्हती. म्हणून काही जनावर राखलं जात नव्हतं असं नाही. माझी आजी लग्न होऊन आली ती आटपाडीकडून. आटपाडी महाल तेव्हा औंध संस्थानात. माहेरानं आंदण म्हणून गाय दिली. आजीबरोबर ती गाडीमागं बांधून आली. आजी त्या गाईपासून दावणीतल्या शेवटच्या कालवडीपर्यंत सगळ्या आया ओळीनं म्हणायची, जात्यावर बसल्यासारखं डोलत. कुणाची आय कोण, कुठल्या वेताची, कुणाचं शिंग मोडलं, कोण सापानं गेली. चुकायची नाही. मी एकदा विचारलं, "आजी, यांचे बाप?" तर म्हणाली, "बापाचं काय रं, येतंय आन् जातंय. गाय दारात ऱ्हातीय."

तिचं खरं होतं. वळू गावाचा असायचा, देवाला सोडलेला. त्याला वेसण नाही, दावं नाही. ज्याच्या शेतात शिरेल तो हाकलायचा, पण काठी हळूच. मुंबई सरकारनं १९३३ साली पशुसुधारणेचा कायदा केला. सरकार ठरवील त्या भागात पास झालेलाच वळू ठेवायचा, नापास खोंड बडवायचा. आबा, म्हणजे माझे आजोबा सांगायचे, की देवाच्या वळवाला नापास कोण म्हणणार? हात लावायचीच कुणाची टाप नव्हती. उरलेले खोंड मात्र शेतकरी आपणच बडवायचा, कारण त्याला औताला बैल पाहिजे होता.

आणि खरी परीक्षा तिथंच होती. खिल्लार बैलाची जात मोटेवर कळायची. भरलेली मोट ओढत धावेवरनं उतरायचं, मोट रिकामी झाली की उलट्या पावलानं वर यायचं, पुन्हा उतरायचं. दिवस उगवायच्या आधीपासून उन्हं तापेपर्यंत. चिडका बैल तिथं टिकत नाही, जडही टिकत नाही. जो टिकला त्याच्या आईच्या पोटचं पुढचं वासरू राखायचं. ती आई दूध किती देते ते कुणी विचारत नव्हतं. खिल्लार गाय दुधाला नव्हेच. जे असेल ते खोंडाला पाजायचं. आमच्या घरात आम्हा पोरांना चहात शेळीचं दूध आणि खोंडाला गाईच्या चारी सडांचं. आई कुरकुरायची. आण्णा म्हणायचे, "पोरगं हाजार रुपयाला जातंय व्हय बाजारात?"

आता ती पहाट.

बहात्तरला पाऊस गेलाच. माणगंगा नुसती वाळू. दसऱ्यापर्यंत कडबा संपला. लोक खडी फोडायला गेले, आमचे आण्णाही. जनावरं विकली तर मातीमोल. आबांनी तीन गुरं ठेवली, म्हातारा बैल, एक पाडा आणि हरणी गाय, आणि ती घेऊन कृष्णाकाठी पावण्याकडं निघाले. उसाचं वाढं तरी मिळेल म्हणून. मी दहा वर्षांचा. घरात खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून मलाही बरोबर घेतलं. चार दिवस चालत होतो. तिकडं पोचलो तर सगळं हिरवं. मला वाटलं ही निराळीच पृथ्वी.

मार्गशीर्षातली थंडी. आम्ही गुऱ्हाळाच्या आडोशाला झोपलो होतो. मला जाग आली ती दाव्याच्या ओढीनं. हरणी माजावर आली होती आणि तिनं खुंटा उपटला होता. ओढ्याच्या अंगाला बघतो तर एक वळू. धड तांबडा नाही, धड पांढरा नाही. मोठी लोंबती पोळी, लाल नाक, उसावर माजलेला. कुठलं गाव, कुणाचा, काय जात, काही नाही. मी ओरडलो. आबा उठले, घोंगडं फेकून धावले, पण ते पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आबा ओढ्याच्या काठावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरी सांगायचं न्हाय. आजीला तर न्हायच न्हाय."

मी नाही सांगितलं. घरी आल्यावर आबांनीच सांगितलं, की हरणी जायच्या आधीच देवाच्या वळवाकडनं गाभ गेलीय.

हरणी पुढच्या भादव्यात व्याली. गाईचे दिवस बाईसारखेच, नऊ महिने नऊ दिवस. आजी गोठ्यात वार पडायची वाट बघत बसली होती आणि तिची बोटं चालली होती. दसऱ्याच्या आधी गाभ गेलेली गाय फार तर आषाढात व्यायला पाहिजे. आजीनं तिसऱ्यांदा बोटं मोजली आणि आबांकडं बघितलं. आबा कंदील घेऊन उगाच बाहेर गेले. कालवड पांढरी होती, टाळू तांबडा, नाळ स्पष्ट. नाकाडं मात्र गुलाबी. आजीनं ते पदरानं पुसलं, जसं पुसून जाणार होतं, आणि म्हणाली, "पवळी म्हणा हिला." त्यावर पुन्हा बोलणं नाही.

दोन वर्षांनी आण्णांना ती विकायची होती. नाकपुडी काळी नाही म्हणून हेडी भाव पाडत होता. रुमालाखाली बोटं धरून पुन्हा पुन्हा सोडत होता. आजी उठून मध्ये आली. "न्हाय द्यायची. आय हरणीच हाय न्हवं?" बस. पवळी राहिली. पवळीची चंद्री, चंद्रीची राधी, राधीची मोरणी, मोरणीची गजरी, गजरीची सोनी. आणि सोनीच्या पोटचा २०१९ सालचा हा खोंड, ज्याचा कागद माझ्या हातात होता.

मध्ये दुनिया बदलून गेली होती. डिझेल इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी. मोटेची धाव बुजली, तिच्यावर आता भावाची ठिबकची टाकी आहे. ट्रॅक्टर आला. उरुळीकांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी संस्था काढली आणि होल्स्टीन, जर्सीच्या संकराची गाय घरोघर पोचली. दुधाचा पगार दहा दिवसाला हातात येऊ लागला. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझं डी.एड. त्याच दुधावर झालं. जर्शी गाईला कांडी भरायला डॉक्टर यायचा आणि कांडीवर वळवाचा नंबर छापलेला असायचा. आमच्या दावणीत बापाचं नाव पहिल्यांदा लिहून आलं ते तेव्हा, जेव्हा बाप स्वतः यायचा बंद झाला.

खिल्लार गाई मग कमी होत गेल्या. ज्या राहिल्या त्या आमच्या भावासारख्या हट्टी माणसांच्या दारात. त्यांचा बाजार आता रूपावर. शिंग किती लांब, उंची किती, रंग कोसा की काजळी. प्रदर्शनात नंबर येतो तो बघण्यावर. धावेवरनं उलटं चालून दाखव असं कुणी म्हणत नाही. आमच्या आबांच्या हिशेबानं यातले निम्मे बैल बिनपरीक्षेचे पास झालेले आहेत.

नोकरीत असताना एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकाची नक्कल हाती आली होती. जोशी आणि फिलिप्स या दोघांचं, भारत-पाकिस्तानातल्या गुरांवर, १९५३ चं. त्यात खिल्लाराचे चार प्रकार दिले आहेत. एक हणम, आटपाडी महालाच्या बाजूचं. दुसरं म्हसवड. तिसरं तापी. आणि चौथ्याचं नाव नकली. नकली खिल्लार! आसपासच्या भागात, अलीकडं तयार झालेलं, म्हणून नकली. मी ते पान दोनदा वाचलं. माणसांनी एका जनावराला खोटं म्हटलं, आणि तेच खोटंपण त्याचं नाव करून पुस्तकात चौथ्या नंबरावर जागाही दिली. त्याच पुस्तकात तापी खिल्लाराची खूण काय, तर नाक आणि खूर गाजरासारखे तांबूस. आमच्या पवळीचं जे नाक हेड्यानं पाच बोटांवरनं तीन बोटांवर आणलं, ते सातपुड्याच्या पायथ्याला जातीची खूण म्हणून दाखवतात.

आता कर्नालला राष्ट्रीय ब्युरो आहे, १९८४ पासूनचा. देशातल्या जनावरांच्या जाती तिथं नोंदतात. आपल्या राज्यातल्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ, कोकण कपिला या गाई तिथं नोंदलेल्या आहेत. ज्या कुठंच बसत नाहीत त्या सगळ्या गावठी. आणि देशी गाईंत जास्त भरणा या बिननावाच्यांचाच आहे. कृष्णाकाठचा तो लाल नाकाचा वळू त्यातलाच एक. पण त्यानं काय आणलं होतं कुणास ठाऊक. पवळीच्या ओळीतली गुरं लाळ्या-खुरकुतात आमच्याकडं कधी दगावली नाहीत. आता हे त्याच्यामुळं, की हरणीमुळं, की नशिबानं, ते मी सांगू शकत नाही.

कागद हातात घेऊन मी हिशेब मात्र मांडला. शाळामास्तर माणूस. पवळीत त्या वळवाचं अर्धं रक्त. चंद्रीत पाव. राधीत साडेबारा टक्के, मोरणीत सव्वासहा, गजरीत तीनच्या वर, सोनीत दीड. खोंडात पाऊण टक्का. ते जवळजवळ काहीच नाही म्हणायचं. पण या हिशेबात मी बाकीचे सगळे बाप शंभर टक्के धरले होते. देवाचा वळू कुठून आला होता? त्याची आई कुणी बघितली होती? आजीची आंदणाची गाय आटपाडीची, पण तिच्या आधी? पाऊण टक्का आम्हाला माहीत होता, एवढंच. बाकीचं माहीत नव्हतं म्हणून ते शुद्ध.

तरीही सही होईना. 'कोणत्याही अन्य जातीची भेसळ नाही.' मी ओढ्याच्या काठी उभा होतो की.

भावाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो बहात्तरला पाळण्यात होता. त्याचं तोंड उतरलं. "दादा, पन्नास वर्सं गप बसलास, आजचा दिस गप बस की. सव्वातीन लाख हायत. पोरीचं लग्न काढलंय मी." खरं बोलत होता. मी पेन्शनवाला. मला खरं बोलायला खर्च येत नाही.

"तुझ्या सहीनं होत असंल तर दे," मी म्हणालो. "माझी न्हाय."

गिऱ्हाईक लांबून बघत होतं. त्याला काय वाटलं असेल ते वाटलं असेल, भाऊबंदकीचं काही. मग मीच गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ओढा, वळू, आजीची बोटं. भाऊ खाटेवर पाठ करून बसला.

तो माणूस गप्प ऐकत होता. मग उठला, पुन्हा एकदा खोंडाकडं गेला. पाठीवरनं हात फिरवला. खूर उचलून बघितला. नाकाला हात लावला, ते काळंभोर होतं. चालवून आणायला सांगितलं. भावाचा पोरगा कासरा धरून दोन फेऱ्या मारून आला. शेवटी त्यानं विचारलं, "अज्जीनं सांगितलेली नावं तुम्हाला येतात काय, आयांची?"

मी म्हणून दाखवली. आंदणाच्या गाईपासून सोनीपर्यंत. मध्ये दोन ठिकाणी अडखळलो. तिथं पाठमोरा बसलेल्या भावानं नाव पुरवलं. तो कधी शिकला होता, मला माहीत नव्हतं.

गिऱ्हाइकानं कागदावरची हमीची ओळ पेनानं खोडली आणि समासात माझ्याकडनं ती नावं लिहून घेतली. पवळीच्या नावापुढं 'बाप माहीत नाही, कृष्णाकाठ' असंही लिहायला लावलं. पंचवीस हजार कमी केले. म्हणाला, हे कमी करावेच लागतात, नाहीतर पुढच्यानं विचारलं तर मी काय सांगू? आम्ही दोघांनी सह्या केल्या. भाऊ माझ्याशी बेंदरापर्यंत बोलला नाही. बेंदराला शिंगांना हिंगूळ लावायला माणूस कमी पडला तेव्हा हाक मारली.

गेल्या वर्षी त्या माणसाचा मोबाइलवर फोटो आला. त्याच्याकडच्या गाईला या वळवापासून झालेली कालवड. टाळू तांबडा, नाळ कपाळभर. मी फोटो भावाला दाखवला. त्यानं चष्मा वर करून बोटानं तो मोठा केला आणि नाकाडं बघत राहिला.

"उजेडामुळं दिसतंय तसं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "आसंल."

तो पुन्हा बघत म्हणाला, "न्हाय, पवळीचंच हाय."